चिमटाबाईंचा हातगुण

चिमटाबाईंना खऱ्या नावानं हाक मारणारं माणूस आता शोधूनही सापडायचं नाही. नवरा ‘अगं’ म्हणतो, दूर नोकरीला असलेला मुलगा फोनवर ‘आई’ म्हणतो, आणि उरलेलं सगळं जग चिमटाबाई म्हणतं. त्यात कुणाला वावगं वाटत नाही, त्यांना तर नाहीच. सत्तावीस वर्षं जिच्या उजव्या हातात चिमटा आहे तिला दुसरं काय म्हणणार? केसांना लावायचा नव्हे हो, आणि गरम भांडं उतरवायचा तर मुळीच नव्हे. हा बोटभर लांबीचा, टोकाला सुईसारखा निमुळता, टोमॅटोची कळी सोलायचा चिमटा.

आता कळी सोलतात म्हणजे काय करतात, ते आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. बियाण्याच्या मळ्यात टोमॅटो खाण्यासाठी लावत नाहीत, बियांसाठी लावतात. एका जातीच्या ओळी नराच्या, दुसऱ्या जातीच्या ओळी मादीच्या. उद्या उमलणारी मादीची कळी आज हळूच उघडायची आणि आतला पिवळा भाग चिमट्यानं काढून टाकायचा, म्हणजे ती आपली आपण फळ धरणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नराच्या फुलांची पूड बोटाच्या टोकावर घ्यायची आणि त्या सोललेल्या कळीला टेकवायची. झालं लग्न. खूण म्हणून कळीखालची दोन हिरवी पानं कातरायची, आणि ओळ संपली की काठीला आपल्या रंगाचा दोरा बांधायचा. ‘दिवसाला हजार लग्नं लावते मी,’ चिमटाबाई म्हणायच्या, ‘आणि एकाही लग्नात जेवण नाही.’

पण लग्न लागलं म्हणून पाळणा हलतोच असं नाही. शंभर कळ्यांमागं कुणाच्या चाळीस धरायच्या, कुणाच्या पन्नास. चिमटाबाईंच्या सत्तर. एकदा नव्हे, दरवर्षी सत्तर. आधीच्या म्हाताऱ्या मुकादमानं तिसऱ्याच वर्षी जाहीर करून टाकलं, की या बाईला हातगुण आहे. हा शब्द एकदा माणसाला चिकटला की सुटत नाही. आजूबाजूचे लोक परसात लिंबाचं रोप लावायचं झालं तरी निरोप पाठवायचे, की चिमटाबाईंना म्हणावं नुसता हात लावून जा. त्यांचे यजमान पंखे दुरुस्त करतात, म्हणून त्यांना सगळे पंखेवाले म्हणतात. ते म्हणायचे, ‘लोक हात लावतील तिथं सोनं होतं, आमची ही हात लावेल तिथं टोमॅटो.’

चिमटाबाई वरवर ‘काहीतरीच तुमचं’ म्हणायच्या, पण आतून त्यांनी ते केव्हाच खरं मानलं होतं. मानणारच. माणसाकडं शिक्षण नाही, रूप बेताचं, बोलणं फटकळ. अशा माणसाला एक गोष्ट देवानं दिली आहे असं चारचौघं सांगायला लागले, तर ते नको कोण म्हणेल? पुढं मळ्यातल्या साऱ्या बायकांसाठी नराची पूड करायचं काम त्यांच्याकडं आलं. फुलं खुडून आणायची, आतल्या पिवळ्या नळ्या दिव्याच्या उबेत वाळवायच्या, तलम कापडातून चाळायच्या, आणि ती पिवळी पूड एका पितळी डबीत भरून सकाळी प्रत्येकीला चिमूट चिमूट वाटायची. डबी जिच्याकडं ती मळ्यातली मोठी. मुकादमसुद्धा तिच्याशी आवाज चढवत नसे.

घर म्हणाल तर दोन भावांचं, मधोमध भिंत घालून वाटलेलं. भिंत एका विटेची. इकडं शिंकलं तर तिकडचा माणूस थांबून ऐकेल अशी. तिकडं राहते धाकटी, म्हणजे चिमटाबाईंची जाऊ. अंगणातला नळ सामाईक, कपड्यांची दोरी सामाईक, आणि दोघींत अकरा वर्षं शब्द नाही.

तेही सांगायलाच हवं. धाकटीला मळ्यात आणलं चिमटाबाईंनीच. चिमटा कसा धरायचा, कळीला दुखवायचं कसं नाही, हे तिचं बोट आपल्या हातात धरून शिकवलं. पाच वर्षं दोघी एकाच ओळीच्या दोन बाजूंना बसून सोलायच्या आणि मधल्या झाडांवरून एकमेकींच्या नवऱ्यांची उणीदुणी काढायच्या. सासूच्या हयातीत जेवढं हसल्या नसतील तेवढं त्या ओळीत हसल्या.

सहाव्या वर्षी ओळींची वाटणी चिमटाबाईंनी केली. त्यांना स्वतःला आणि जुन्या बायकांना वेळेवर लावलेल्या ओळी मिळाल्या, आणि वयानं सगळ्यांत लहान म्हणून धाकटीच्या वाट्याला उशिरा लावलेल्या आल्या. बाकीच्यांची फळं धरून झाली तेव्हा हिच्या कळ्या यायला लागल्या होत्या. तिनं सोलल्या, पूड लावली, दोरे बांधले. मोजणी झाली तेव्हा शंभरात चार.

डबे उघडून सगळ्या जेवायला बसल्या असताना मुकादमानं विचारलं, ‘काय गं, चारच?’

धाकटी म्हणाली, ‘हवा बघा ना कशी झाली होती. आठवडाभर नुसता गरम वारा. कळी हातात घेतली तर पापडासारखी लागायची.’

आणि चिमटाबाई तोंडातला घास न गिळताच म्हणाल्या, ‘नाचता येईना, अंगण वाकडं.’

बायका खो खो हसल्या. चिमटाबाईंच्या मनात तसं काही नव्हतं, सवयीनं जीभ वळवळली एवढंच. पण मुकादमानं मग त्यांनाच गाठलं. म्हणाला, ‘शिकवलंय तुम्ही, तर तुम्हीच सांगा. हिला ठेवू का काढू?’ इथं थट्टा सोडून खरं बोलायचं होतं, आणि त्या आपल्या मते खरंच बोलल्या. ‘पोर कष्टाळू आहे,’ त्या म्हणाल्या, ‘पण तिला हातगुण नाही. ते शिकवून येत नाही, त्याला काय करणार.’

दुसऱ्या दिवसापासून धाकटी खुरपणीला. बायकांनी तिचं नाव अंगणवाकडी पाडलं. तिनं आठवडाभर मान खाली घालून खुरपलं आणि मळा सोडून गोदामात पोती शिवायच्या कामाला लागली. पोत्याला हातगुण लागत नाही. भांडण असं झालंच नाही, म्हणजे भांडण झालं असतं तर मिटलं तरी असतं. ती नुसती बोलायची थांबली. चिमटाबाई नळावर आल्या की ही अर्धी भरलेली बादली उचलून आत जायची. चिमटाबाईंनी कपडे वाळत घातले असले की ही आपले खिडकीच्या गजावर टाकायची. ‘फुगून बसली आहे,’ चिमटाबाई पंखेवाल्यांना सांगायच्या, ‘सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ना, तशातली गत. बसू दे.’ पंखेवाले हातातल्या पंख्याचा स्क्रू पिळत राहायचे.

तर ही झाली जुनी गोष्ट. आता हवेची ऐका.

कळ्या यायच्या दिवसांत पूर्वी थंडी असायची. सकाळी बोटं अशी गारठायची की चिमटा हातातून निसटे. बायका चहाच्या पेल्याला हात लावून शेकत बसायच्या आणि मुकादम ओरडला की उठायच्या. ती थंडी वर्षावर्षानं पातळ होत गेली. गेली तीन वर्षं चिमटाबाईंचा स्वेटर पेटीतून बाहेर निघालेला नाही. दरवर्षी त्यातल्या डांबराच्या गोळ्या तेवढ्या बदलायच्या आणि झाकण लावायचं. यंदा तर कहरच झाला. जे दिवस गारठ्याचे, त्या दिवसांत दुपारी छपराचे पत्रे तडतड वाजायला लागले. नळाचं पाणी अकरालाच हाताला चटका द्यायचं. दोनदा तापवलेलं दूध संध्याकाळी फाटायचं. शाळा सकाळी सातला भरायला लागली, मळ्यातलं काम उजाडायच्या आत सुरू होऊन दहाला बंद व्हायला लागलं, आणि दुपारभर अख्खी वस्ती दारं लावून, फरशीवर पाणी शिंपडून, उताणी पडून राहायची. रात्रीसुद्धा भिंतीला पाठ टेकवत नव्हती. फक्त पंखेवाल्यांच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. ‘हवा बिघडली की आमची चलती,’ ते म्हणायचे, पण म्हणताना हसायचे नाहीत.

आणि मळ्यात फळ धरेना.

पहिल्या मोजणीला शंभरात चाळीस. बायका म्हणाल्या, होतं असं कधीकधी. दुसऱ्या मोजणीला अठरा. तिसऱ्या मोजणीला आठ, आणि तेही हरभऱ्याएवढे होऊन देठासकट गळून पडायला लागले. एकीचे नव्हे, सगळ्यांचे. लाल दोऱ्याचे, निळ्या दोऱ्याचे, पांढऱ्याचे, चिमटाबाईंच्या हिरव्याचेसुद्धा. सोलणारे हात वीस, पण पूड सगळ्यांची एकाच डबीतली. मग बोट कुणाकडं जाणार? चिमटाबाई दिसल्या की बोलणं बंद व्हायला लागलं. आपण जवळ गेल्यावर बोलणं बंद होतं म्हणजे काय बोललं जात होतं, हे कळायला काही शाळा शिकावी लागत नाही.

त्यांनी काय नाही केलं? चिमटा बदलला. चष्म्याचा नंबर वाढवून आणला. पूड जास्त वाळवून पाहिली, कमी वाळवून पाहिली, कापड बदललं, डबी उकळत्या पाण्यातून काढली. हात दहादा धुतले. शेजारची एक नवी सून भोपळ्याचं बी लावायला बोलवायला आली, तर ‘कंबर धरली आहे गं’ म्हणून तिला परत पाठवली, आणि आत येऊन आपल्या दोन्ही तळव्यांकडं बघत बसल्या. सत्तावीस वर्षं जे आपलं म्हणून मिरवलं ते आपल्याला न विचारता निघून गेलं की काय, या विचारानं त्यांना जेवण जाईना.

पंखेवाल्यांनी एकदा सरळ सांगितलं, ‘अगं, हवा बघ की. उन्हानं लोखंडी मोटारी जळताहेत माझ्या पुढ्यात. तुझी कळी काय पोलादाची आहे?’

‘असं बोलायचं तर अंगणवाकड्यांनी बोलावं,’ त्या फणकारल्या. ‘मी नाही बोलायची.’

हीच तर गोम होती. बाकी कुठलीही बाई ‘हवाच तशी आहे’ म्हणून मोकळी झाली असती. चिमटाबाईंना तो शब्द उच्चारायची सोयच राहिली नव्हती. तो शब्द तोंडाशी यायचा, आणि त्याच्यामागून अकरा वर्षांपूर्वीचं ते हसणं ऐकू यायचं. हातगुण गेला असं कबूल करणं जड, पण हवेकडं बोट दाखवणं त्याहून जड. आणि या सगळ्यात त्यांना सर्वांत जास्त धास्ती कसली, तर भिंतीपलीकडं कळेल याची. मळ्यातून काढलं तरी एक वेळ चालेल, पण धाकटीनं मनातल्या मनात का होईना हसू नये.

ते कळायचं कसं राहणार? एका सकाळी मुकादम त्यांच्याजवळ उकिडवा बसला. हा मुकादम नवा, वयानं मुलासारखा. जमिनीकडं बघत म्हणाला, ‘मावशी, मालक म्हणताहेत, डबी चार दिवस दुसऱ्या कुणाकडं देऊन बघू. तुम्हाला तेवढीच विश्रांती.’ चिमटाबाईंनी डबी आपल्या रुमालानं पुसली, झाकण नीट बसलं आहे ना ते पाहिलं, आणि शेजारच्या ओळीतल्या चष्मेवालीच्या हातात दिली. चष्मेवालीनं ती घेताना मान वर केली नाही.

घरी आल्या तर नळावर धाकटी. बादली भरत आली होती. रोजच्यासारखी ती उचलून जाईल म्हणून चिमटाबाई कोपऱ्यात थांबल्या, पण आज ती गेली नाही. नळ बंद करून तशीच उभी राहिली, त्यांच्याकडं बघत, काहीतरी बोलायला ओठ हलल्यासारखे. आली मजा बघायला, चिमटाबाईंच्या मनात आलं. त्या रिकामी घागर घेऊन तशाच माघारी फिरल्या, आणि त्या दुपारी घरात प्यायचं पाणी नव्हतं.

चष्मेवालीच्या पुडीनं शंभरात सहा धरली. तेव्हा मालकांना घाम फुटला आणि त्यांनी बियाण्याच्या कंपनीला कळवलं. कंपनीनं एक मुलगी पाठवली. पंचविशीची असेल, पायात बूट, पाठीवर पिशवी, बोलायला गोड. अवजारांच्या खोलीत उलट्या क्रेटवर तिनं आपलं सूक्ष्मदर्शक मांडलं, आणि सगळ्या बायका दाराशी दाटीनं उभ्या राहिल्या. चिमटाबाई सर्वांत मागं होत्या. मुलीनंच विचारलं, ‘इतकी वर्षं पूड कोण करत होतं?’ बायकांनी बाजूला होऊन त्यांना पुढं काढलं.

‘या मावशी, बसा. एक डोळा मिटून बघा,’ मुलगी म्हणाली. ‘मी पुडीवर औषधाचा थेंब टाकलाय. जो दाणा जिवंत असतो तो लाल होतो. मेलेला तसाच राहतो, पोकळ.’

चिमटाबाईंनी बघितलं. पांढुरके चिंबलेले ठिपके, पसाभर सांडावेत तसे. त्यांत लाल शोधावा लागत होता. एक दिसला. मग आणखी एक.

‘ही चष्म्याच्या ताईंनी केलेली पूड. ही आज मी स्वतः केलेली, ही पण बघा. तेच आहे ना? पूड वाळवण्यात काही चुकलेलं नाही. कळी उमलायच्या आठ-दहा दिवस आधीच, आतल्या आत, उन्हाच्या झळीनं आणि रात्रीच्या उकाड्यानं ती मरते. तुमचा चिमटा लागतो तेव्हा ती आधीच मेलेली असते, मावशी. यात तुमच्या हाताचा काडीचा दोष नाही.’

दाराशी एकदम कलकल सुरू झाली. मी म्हणतच होते, असं तिघी एकदम म्हणाल्या, ज्या मुळीच म्हणत नव्हत्या. चष्मेवालीनं डबी आणून चिमटाबाईंच्या मांडीवर ठेवली आणि त्यांच्या खांद्याला धरून राहिली. मुकादमाचा चेहरा उजळला, आणि लगेच पडला, कारण मुलगी पुढं सांगत होती, की पुढच्या वर्षापासून कंपनी बियाण्याचं काम इथून हलवून वर डोंगराच्या बाजूला नेणार आहे, जिथं अजून गारवा आहे. म्हणजे नाव राहिलं आणि काम गेलं. बायकांना ते कळायला थोडा वेळ लागला. कळलं तसा कलकलाट ओसरला.

चिमटाबाईंचं मात्र तिकडं लक्षच नव्हतं. त्या मांडीवरच्या डबीकडं बघत होत्या. ‘म्हणजे हाताचं यात काहीच नसतं?’ त्यांनी विचारलं.

‘काहीच नाही,’ मुलगी उत्साहानं म्हणाली. तिला वाटलं, आपण या बाईच्या डोक्यावरचं ओझं उतरवतोय.

‘मग माझ्या शंभरात सत्तर धरायच्या, तेव्हा?’

मुलगी क्षणभर गोंधळली. ‘तेव्हा हवा चांगली होती ना, मावशी. आणि वेळेवरच्या ओळी मिळाल्या असतील. तुमचं काम स्वच्छ आहे, त्यानंही थोडा फरक पडतोच.’ हे शेवटचं तिनं मनापासून म्हटलं, पण ते समजूत घातल्यासारखं ऐकू आलं.

सत्तावीस वर्षांचा हातगुण असा दोन वाक्यांत वजा झाला. तोही सोसला असता. पण चिमटाबाईंचं डोकं तेवढ्यावर थांबलं नाही. त्यांनी आवाज खाली आणला. ‘एक विचारते. सगळ्यांच्या ओळी धरल्या आणि एकटीच्याच गेल्या, असं झालं तर? तर तरी हाताचं असेल ना?’

‘तिच्या ओळी उशिरा लावलेल्या होत्या का?’ मुलीनं विचारलं.

चिमटाबाईंनी डबीचं झाकण उघडलं आणि पुन्हा लावलं.

‘उशिराच्या असतील आणि तिच्या कळ्यांच्या वेळेला आठवडाभर जरी गरम हवा आली असेल, तरी पुरे आहे,’ मुलगी म्हणाली. ‘त्या बाईंनी काही सांगितलं नव्हतं का? काम करणाऱ्याला हाताला कळतं. कळी कोरडी लागते.’

पापडासारखी लागते, असं सांगितलं होतं तिनं. सगळ्यांसमोर सांगितलं होतं. अंगण वाकडंच होतं, आणि ज्या एका बाईला ते पायाखाली कळलं होतं तिलाच यांनी नाचातून काढलं होतं. चिमटाबाई उठल्या. डबी क्रेटवर ठेवली आणि कुणाला काही न सांगता मळ्याबाहेर पडल्या.

रस्ता अर्ध्या तासाचा. सावली कुठंच नव्हती, डांबर चपलेला धरत होतं. वाटेत त्यांनी काय काय जुळवलं. आधी हवेचं सांगू, मग म्हणू की चुकलं. नाही, आधी चुकलं म्हणू. ती बोलली, भांडली, दारातून हाकललं, तर ऐकून घेऊ. तिनं भांडावंच, असं त्यांना फार वाटत होतं. अकरा वर्षांचं साचलेलं एकदाचं अंगावर ओतलं तर बरं, म्हणजे बरोबरी तरी होईल.

धाकटीचं दार उघडं होतं. तिची लेक माहेरी आली होती, पलीकडच्या वस्तीत तिच्या पत्र्याच्या खोलीत लेकरू भाजून निघतं म्हणून. ती मागच्या मोरीत कपडे धूत होती. दीड वर्षाची नात खोलीत चटईवर झोपली होती, अंगावर ओलं फडकं टाकून. धाकटी खिडकीपाशी गोदामातली पोती शिवत बसली होती. दारात जावेला बघून ती उठायलाच लागली, तशी चिमटाबाई म्हणाल्या, ‘बस गं,’ आणि स्वतः उंबऱ्यातच टेकल्या.

त्यांनी सांगितलं. जुळवलेलं सगळं विसरलं, तरी सांगितलं. सूक्ष्मदर्शकाचं, लाल दाण्यांचं, उशिराच्या ओळींचं. ‘तुझा हात चांगला होता,’ त्या म्हणाल्या. ‘माझ्यासारखाच होता. तू हवेचं म्हणालीस ते खरं होतं, आणि मी चारचौघींत तुझं हसं केलं. माझं चुकलं. अकरा वर्षं तू रागावलीस ते बरोबरच होतं.’

धाकटीनं सुई पोत्यात खोचून ठेवली. ‘रागावले?’ ती म्हणाली. ‘मी कुठं रागावले, जाऊबाई?’

‘मग बोलत का नव्हतीस? नळावरून उठून जायचीस. माझ्या कपड्यांना कपडा लागू द्यायची नाहीस.’

‘तुमच्या हाताला माझा हात लागू नये म्हणून,’ धाकटी अगदी सरळ आवाजात म्हणाली. ‘तुमच्याच म्हणण्याप्रमाणं माझा हात तसा. तुमची रोजी हातावर. मला वाटायचं, उगीच माझं काही तुम्हाला लागायला नको. त्या दिवशी नळावर म्हणणार होते, की हवा तशीच झाली आहे, त्या वर्षीसारखी, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. पण म्हटलं, मी कोण सांगणारी.’

चिमटाबाईंनी मान वळवली. बाहेर अंगणात धाकटीच्या बाजूची माती उघडीबोडकी होती. एक कढीपत्त्याची काडीसुद्धा तिनं अकरा वर्षांत लावली नव्हती, आणि चिमटाबाई तिला आळशी म्हणत आल्या होत्या.

तेवढ्यात नात उठली आणि रडायला लागली. घामानं तिचे केस कपाळाला चिकटले होते. धाकटीनं मोरीकडं तोंड करून हाक मारली, ‘अगं, उठली बघ.’

‘माझे हात साबणाचे आहेत,’ आतून लेक ओरडली. मग दारात कोण बसलंय ते बघून म्हणाली, ‘काकू, तुम्ही तरी सांगा हिला. पोरीला घेतच नाही ही. जन्मली तेव्हापासून. विचारलं की म्हणते, हात ओले आहेत.’

‘घे तिला,’ चिमटाबाई म्हणाल्या. ‘अगं, आत्ता सांगितलं ना मी तुला. मशीननं बघितलंय. हाताचं काही नसतं. घे.’

धाकटी उठली. दोन्ही हात तिनं कपड्यांना खसाखसा पुसले आणि चटईपाशी जाऊन वाकली. पोर हात वर करून रडत होती. धाकटीचे हात तिच्या काखेपर्यंत गेले आणि तिथंच थांबले. ती सरळ उभी राहिली, दोन पावलं मागं झाली, आणि जावेकडं वळली.

‘खरं असेल तुम्ही म्हणता ते,’ ती म्हणाली. ‘पण लहान जीव आहे, जाऊबाई. तुम्हीच घ्या. तुमचा हात चांगला.’